बेसिनच्या नळाचा कायमस्वरूपी बंदोबस्त

प्लंबर बोलवायचा नाही, असं मी एका गुरुवारी संध्याकाळी चहाच्या दुसऱ्या घोटाला ठरवलं. पहिल्या घोटाला बोलवायचं ठरलं होतं. (मधल्या वेळात चंद्रभानचा चेहरा आठवला.)

चंद्रभान हा आमच्या अकोल्यातल्या कॉलनीचा प्लंबर. ‘उद्या येतो’ एवढ्या भांडवलावर त्यानं दुमजली घर बांधलं. आला तरी तो आधी नळाकडे बघत नाही. आपल्याकडे बघतो आणि विचारतो, “हे कोनं केलं?” न्हावी, डॉक्टर आणि प्लंबर यांना आधीच्या माणसाचं काम कधीच पसंत पडत नाही. त्यातून आधीचा माणूस आपणच असलो, तर अपमान घरपोच होतो.

आता नळाचं दुखणं सांगतो. आमच्या बाथरूममध्ये एक लहानसं बेसिन आहे. त्याच्या उजव्या कोपऱ्यात नळ उभा आहे. त्या नळाच्या बुडाशी, म्हणजे जिथं तो बेसिनवर टेकतो तिथं, सकाळी सकाळी पाणी साचायचं. ते फटीतून खाली उतरायचं आणि फरशीवर ताटाएवढं डबकं करायचं. त्या डबक्यावरून मी गेली दोन वर्षं पाय उचलून जात होतो. सरकारी नोकरीत माणसाला याची सवय होते.

पण साधनाला, म्हणजे माझ्या बायकोला, ते डबकं अचानक दिसायला लागलं. कारण तिच्या आईचा, पार्बताबाईंचा, गुडघा बदलला होता. ऑपरेशन अमरावतीला झालं. डॉक्टरांनी बजावलं होतं, की सहा आठवडे बाथरूमची फरशी कोरडी ठणठणीत पाहिजे. पाय घसरला तर गुडघा गेला. सासूबाई राहतात वलगावला, भाजीच्या मळ्यात. तिथं सगळंच ओलं. तेव्हा लेकीकडे जायचं ठरलं. प्रश्न होता, कोणत्या लेकीकडे?

धाकटी नीलम अमरावतीत. वलगावहून ऑटोनं पोचता येतं, त्यामुळे आजवर दरवेळी सासूबाई तिच्याकडेच गेल्या. तापात तिच्याकडे, मोतीबिंदूच्या वेळी तिच्याकडे. लग्नाला चौदा वर्षं झाली, पण साधनाची आई तिच्या घरी सलग चार दिवस राहिली नव्हती. यावेळी साधनानं फोनवर हट्टच धरला. “आई, यावेळी माझ्याकडं. मले बी तर करू दे तुयं!” असं म्हणून ती रडली. ती सहसा रडत नाही. (माझ्याशी लग्न करून टिकलेली बाई आहे.)

यात पाचर मारली ती नीलमच्या नवऱ्यानं, म्हणजे माझ्या साडूनं. गोपालराव अमरावतीला कोचिंग क्लासमध्ये फिजिक्स शिकवतात. भाजीत मीठ कमी पडलं तरी ते ‘कन्सेप्ट क्लिअर नाही’ म्हणतात. त्यांनी फोनवर जाहीर केलं, “मी रविवारी आईला गाडीनं घेऊन येतो. तुमचं बाथरूम एकदा बघतो. सेफ वाटलं तर ठेवतो, नाहीतर परत नेतो. आमच्याकडं अँटी-स्किड टाइल्स आहेत.”

म्हणजे रविवारी माझ्या बाथरूमची परीक्षा आणि परीक्षक गोपालराव! साधना म्हणाली, “चंद्रभानले फोन लावा.”

“कशाला? एक फट तर बुजवायची आहे.”

“मागच्या खेपी तुमी टॉवेलचा दांडा ठोकला होता.”

“तो आहे ना अजून?”

“हाय. पन त्याले कोनी टॉवेल लावत नाई.”

असल्या टोमण्यांना उत्तर द्यायचं नसतं. मी मोबाइल उघडला. नळाचं बूड कसं बुजवावं, याचे एवढे व्हिडिओ असतील याची मला कल्पना नव्हती. जगातले निम्मे लोक नळ बुजवतात आणि उरलेले निम्मे त्यांचं शूटिंग करतात, असं दिसतं. एका दाढीवाल्यानं चार मिनिटांत काम उरकलं आणि शेवटी हसला. मी ठरवलं, की जे काम हा माणूस करू शकतो ते मला डोळे झाकून येईल. (पुढं ते जवळपास तसंच झालं.)

शिवाय माझ्याकडे एक बिनतोड योजना होती. आमच्याकडे नळ पाचव्या दिवशी येतो. पहिले तीन दिवस टाकीचं पाणी पुरतं, पुढचे दोन दिवस बादलीत भरून ठेवलेलं. त्या दोन दिवसांत बाथरूममध्ये डबकं कधीच नसायचं. यावरून मी सिद्ध केलं, की दोष नळाचाच आहे. गोपालरावांनी याला कन्सेप्ट म्हटलं असतं. शुक्रवार-शनिवार टाकी रिकामी, म्हणजे कॉक बंद करण्याची कटकट नाही. सिलिकॉन लावायचं, ते शनिवारभर वाळेल आणि रविवारी सकाळी नळ येईल, तेव्हा नळाचं बूड दगडासारखं पक्कं झालेलं असेल. अकोल्यात राहण्याचा एवढा फायदा आजवर कुणी करून घेतला नसेल.

शुक्रवारी ऑफिसातून येताना हार्डवेअरच्या दुकानात गेलो. या दुकानदारांना गिऱ्हाईक अडाणी आहे हे वासावरून कळतं.

“सिलिकॉन पाहिजे,” मी म्हणालो.

“कायले लावाचं हाय?”

“नळाच्या बुडाला.”

“वायसर पाह्यलं का खालचं?”

“वायसरचा काही प्रश्न नाही,” मी ठणकावून सांगितलं. (वायसर कुठं असतं, हे मला माहीत नव्हतं.) त्यानं खांदे उडवले आणि पांढऱ्या सिलिकॉनची नळी आणि ती दाबायची गन काउंटरवर ठेवली. गन हातात आल्यावर मला एकदम कर्तृत्ववान वाटलं. ऑफिसात आवक-जावकच्या टेबलावर बसून तसं वाटायचा योग वर्षानुवर्षं येत नाही.

घरी आलो, बनियन घातलं, पाना घेतला आणि बेसिनखाली उताणा पडलो. दाढीवाल्यानं सांगितलं होतं, की आधी खालचा नट आवळून घ्या. बेसिनखाली पडल्यावर जग फार अडचणीचं होतं. डोक्याशी कमोड, पायाशी दार आणि तोंडावर पाइप.

बाहेरून साधनानं विचारलं, “अवो, काय करून राह्यले?”

“नट आवळतोय.”

“पाना कोन्या हातात हाय?”

“उजव्या.”

“अन् डाव्या हातात?”

“उजव्या हाताचं बोट. चेंगरलं.”

ती हळद आणायला स्वयंपाकघरात गेली. मी पुन्हा पाना लावला. नट छान फिरत होता. फिरतोय म्हणजे आवळला जातोय, असं कुणीही समजेल. त्याच्याबरोबर वरचा नळही फिरत होता, हे खाली पडलेल्या माणसाला दिसणार कसं? शेवटी नट थांबला. मी समाधानानं उठलो आणि बेसिन डोक्याला लागलं. बेसिनला काही झालं नाही.

मग गन घेतली. दाबली, काही आलं नाही. जोरात दाबली, तरी नाही. नळीचं तोंड जवळून पाहायला चष्म्यासमोर धरली, तेव्हा आलं. सगळं आलं. दोन्ही काचा, मिशीची डावी बाजू आणि हनुवटी एवढा भाग पक्का सील झाला. चष्मा काढून ठेवावा लागला. चष्म्याविना मला समोरचा माणूस बाई आहे की बुवा तेवढं कळतं, तेही आवाजावरून. पण फट चाचपडता येते. नळाच्या बुडाभोवती मी बोटानं सिलिकॉन असं थापलं, की पुढच्या पिढ्यांनी नाव काढावं. वर साडीच्या दुकानाची मोठी प्लास्टिकची पिशवी नळावर घातली, तिला चिकटपट्टी गुंडाळली आणि दारावर सूचना लावली :

‘सदर नळास पुढील आदेशापर्यंत कोणीही हात लावू नये. उल्लंघन झाल्यास संबंधित जबाबदार राहतील.’

खाली सही आणि तारीख. साधनानं ती वाचली. “घरात तुमी अन् मी. संबंधित कोन?” ती म्हणाली. खासगी माणसांना शासकीय भाषा कळत नाही.

शनिवारभर मी त्या पिशवीकडे अभिमानानं बघत होतो. साधनानं बाथरूम घासून काढलं, रबरी पायपुसणं आणलं, कमोडशेजारी धरायला भक्कम स्टूल ठेवलं, आईसाठी नवी मच्छरदाणीसुद्धा लावली. शनिवारी दोनदा मला म्हणाली, “गळन तर नाई ना जी?” मी छाती फुगवून म्हणालो, “थेंब पडला तर मिशी काढीन.” (अर्धी तशीही कापावीच लागली होती.)

रविवारी सकाळी नळ आला, टाकी भरली आणि दहाच्या सुमाराला गोपालरावांची गाडी दारात उभी राहिली. पांढरी शुभ्र पँट, इस्त्री अशी की कडेनं काकडी चिरावी. मागून वॉकर टेकत सासूबाई उतरल्या. गुडघा बदलला तरी त्यांनी मळ्यातून सांबाराच्या चार जुड्या आणि वांगी आणलीच होती. (पुण्याकडे सांबाराला कोथिंबीर म्हणतात आणि चिमूटभर टाकतात. असो.) साधनानं त्यांना धरून आणलं आणि बाथरूमच्या दारासमोर खुर्चीवर बसवलं. तिच्या चेहऱ्यावरून आनंद नुसता ओसंडत होता.

गोपालरावांनी चहासुद्धा घेतला नाही. “आधी इन्स्पेक्शन,” म्हणाले. बुटाच्या टोकानं फरशी घासून पाहिली, स्टूल हलवून पाहिलं, मग पिशवीकडे वळले.

“काय लावलं, देवीदासभाऊ?”

“सिलिकॉन.”

“अ‍ॅसिटिक की न्यूट्रल?”

“पांढरं.”

ते मुलांना नापास करताना हसत असतील तसं हसले. मी चिकटपट्टी सोडली आणि उद्घाटनाच्या थाटात पिशवी उचलली. शनिवारी संध्याकाळी नवा चष्मा करून आणला होता, त्यामुळे दृश्य स्वच्छ दिसलं. नळाचं बूड जागच्या जागी होतं. तोंड मात्र बेसिनच्या बाहेर वळलं होतं. उजवीकडे, थेट दाराच्या दिशेनं.

गोपालरावांनी वाकून पाहिलं.

“हे असं कसं?” गोपालरावांनी विचारलं.

“मुद्दाम,” मी म्हणालो. माझ्या तोंडून हा शब्द कसा गेला, देव जाणे. “बादली भरायला सोयीचं पडतं.”

“मंग तोंड कुठं धुवाचं जी?” खुर्चीवरून सासूबाईंनी विचारलं.

“बादलीत,” मी म्हणालो.

“थांबा, प्रेशर बघू,” म्हणत गोपालरावांनी नळ पूर्ण उघडला. टाकी नुकतीच काठोकाठ भरलेली. धार सुटली ती सरळ त्यांच्या पांढऱ्या पँटवर, आणि अशा ठिकाणी, की त्यावर कोणताही खुलासा चालत नाही. ते किंचाळून मागं उडाले, बूट घसरला आणि आधाराला त्यांनी माझा टॉवेलचा दांडा धरला. दांडा त्यांच्याबरोबर खाली आला. येताना त्यानं प्लास्टरही आणलं.

“बापा! पडले काय जवाई!” असं ओरडत सासूबाई वॉकर न घेताच उठल्या. एक पाऊल उंबऱ्याच्या ओल्या फरशीवर पडलं, डगमगलं. साधनानं झेप घेऊन त्यांना कमरेशी धरलं नसतं, तर पुढचं मला लिहितासुद्धा आलं नसतं. मी नळ बंद केला आणि तसाच उभा राहिलो. खरं सांगतो, त्या घटकेला मला स्वतःची मनापासून शिसारी आली.

गोपालराव उठले, पँट झटकत म्हणाले, “आई, बॅग उघडू नका. हे बाथरूम नाही, धरण आहे. चला अमरावतीला.”

आईला खुर्चीवर बसवून साधनानं पोछा घेतला आणि गुडघ्यावर बसून फरशी पुसायला लागली. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. मी नळाचं तोंड आत वळवायला दोन्ही हातांनी जोर लावला. तो तसूभर हलला नाही. आयुष्यात मी केलेलं हे एकमेव पक्कं काम.

मग साधनानं उठून चंद्रभानला फोन लावला. मला दोन-दोन आठवडे ‘उद्या येतो’ म्हणणारा तो नग तिच्यासाठी दहा मिनिटांत हजर! आत आला, नळ पाहिला आणि वळून म्हणाला, “हे कोनं केलं?” तिघांनी माझ्याकडे बोट दाखवलं. गोपालरावांनी तर दोन दाखवली. (ते तोवर माझा नाडीचा पायजमा घालून बसले होते.)

चंद्रभान अर्धा तास पत्तीनं सिलिकॉन कापत होता. मग त्यानं खाली हात घातला, झिजलेलं वायसर बदललं, नट फिरवला आणि म्हणाला, “खालून आवळताना दुसऱ्या हातानं वरून नळ धरा लागते, भाऊ.” एवढंच गुपित होतं. दाढीवाल्यानं ते सांगितलं नव्हतं. किंवा सांगितलं असेल, मी पुढं ढकललं असेल.

त्यानं बेसिन कोरडं पुसलं, खाली वर्तमानपत्र पसरलं आणि दहा मिनिटं नळ सोडून ठेवला. वर्तमानपत्र कोरडं. त्यानं डोकं खाजवलं.

“वयनी, वायसर झिजलं होतं, पन नळाचा जोड कोरडा हाय, नळ गळतच नवता. बुडाशी साचे ते वरतून पडे. इथं तोंड कोन धुते?”

“दोघंई धुतो,” साधना म्हणाली.

सासूबाई खुर्चीतून पुढं वाकल्या. चाळीस वर्षं वाफ्यांना पाणी देणारी बाई, तिला पाणी कुठून फुटतं ते कळतं. त्या म्हणाल्या, “साधने, तू धुऊन दाखव.” साधनानं धुतलं. चार थेंब इकडंतिकडं. “आता जवाईबापू, तुमी धुवा.”

“मी? आत्ता?”

“धुवा ना जी. लाजता कायले?”

सासूची आज्ञा! मी ओंजळ भरली. आता हे कबूल केलं पाहिजे, की तोंड धुण्याच्या बाबतीत मी कंजूस नाही. टाकीला पाणी असलं की मन मोकळं करून धुतो. ओंजळ तोंडावर आपटायची, ‘ब्रूऽऽ’ असा आवाज काढायचा, मान झटकायची, कानांमागून हात फिरवून पाणी मागं उडवायचं, मग गुळण्या. (बादलीच्या दिवसांत मी नुसता ओला हात फिरवतो.) त्या दिवशी प्रेक्षकांमुळे मी जरा बिचकत धुतलं. तरी डोळे उघडले तेव्हा आरसा ओघळत होता, चंद्रभान दाराबाहेर गेला होता, गोपालरावांचा पायजमा, म्हणजे माझाच, गुडघ्यापर्यंत भिजला होता. नळाच्या बुडाशी तळं झालं होतं. खाली वर्तमानपत्राचा लगदा.

“हे पाह्य,” सासूबाई शांतपणे म्हणाल्या. “बांधाले कायले दोष देता? पानी सोडनाराले पाहा. नळ नाई गळत बाई, जवाई गळते.”

चंद्रभान हसला. गोपालराव एवढे हसले, की त्यांना नाडी धरावी लागली. पण हसून झाल्यावर पुन्हा तेच म्हणाले, “म्हणजे आई, इथं रिस्क परमनंट आहे. दुरुस्त होणारा पार्टच नाही. चला.”

साधना आईसमोर खाली बसली. “आई, जाऊ नको व. मी पुसीन. दिवसातून धा खेपा पुसीन. एक थेंब राहू देनार नाई.” पोछा अजून तिच्या हातातच होता. माझी मान खाली गेली.

सासूबाईंनी लेकीच्या हातातला पोछा काढून बाजूला ठेवला. “पुसासाठी नाई आली मी तुयाकडं. माही बॅग आत ने,” त्या म्हणाल्या. मग गोपालरावांकडे वळल्या. “तुमी चहा घ्या अन् निंगा. नीलमले सांगजा, आई दिवाळीपावतर अकोल्याले हाय.”

“पण आई, फरशी?” गोपालराव म्हणाले.

“त्याचं मी पाह्यते,” सासूबाई म्हणाल्या.

त्यांनी त्याच दुपारी पाहिलं. अंगणात, पेरूच्या झाडाखाली, एक दगड, एक बादली आणि एक मग ठेवण्यात आला. तेव्हापासून मी तिथं तोंड धुतो. समोरच्या बंगल्यातले निवृत्त तहसीलदार रोज सकाळी खुर्ची टाकून बसतात, अगदी वेळेवर. बाथरूमची फरशी कोरडी ठणठणीत आहे. सासूबाई आता काठीनं चालतात, मायलेकी दुपारभर गप्पा मारतात आणि चौदा वर्षांत मी साधनाला इतकं हसताना पाहिलेलं नाही. (बरंचसं मलाच हसतात. तेही चालवून घेतो.)

परवा गोपालरावांचा फोन आला. साधनानं स्पीकरवर टाकला.

“काय म्हणते बाथरूम? गळती थांबली का?”

“थांबली ना. एकदम कायमची,” साधना म्हणाली.

“वा! सिलिकॉन लावलं, की नवा नळ बसवला?”

“काईच नाई. गळती उचलली अन् अंगनात नेऊन ठेवली. सध्या पेरूले लागू पडून राह्यली.”